चांदवड ते मालेगाव : तारेच्या दगडांच्या शोधनोंदी

मुंबई–आग्रा रस्ता चौपदरी झाला तेव्हा जुन्या रस्त्याची काही वळणं तशीच बाजूला पडून राहिली. त्या वळणांच्या कडेला गुडघाभर उंचीचे, माथ्याकडे निमुळते होत गेलेले दगड अजून उभे आहेत. काहींवर ‘पी अँड टी’ ही इंग्रजी अक्षरं वाचता येतात. खालून टपाल व तार खात्याची केबल गेली आहे, इथे खणू नका, एवढं सांगण्यासाठी ते रोवलेले होते. केबल केव्हाच बंद पडली. दगडांची यादी कुणी केलेली माझ्या पाहण्यात नाही, म्हणून चांदवड–मालेगाव या चाळीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात ती करायला घेतली. दुसऱ्या रस्त्यावर कुणाला हेच करायचं असेल तर माझे वाया गेलेले रविवार तरी वाचावेत, यासाठी चुकांसकट लिहितो आहे.

५ जानेवारी २०२५, रविवार

सकाळी साडेसातला राहुड घाट उतरून उमराण्याच्या दिशेने सुरुवात. सोबत भाचा. साहित्यात ३० मीटरचा फायबरचा टेप (३८० रुपये), दोन फुटी पट्टी, वही आणि फोन. नाशिकहून जाऊन-येऊन मोटरसायकलला सव्वाचारशेचं पेट्रोल.

दोन्ही बाजू चालायच्या ठरवल्यामुळे आठ तासांत साडेचार किलोमीटर झाले. अकरा दगड नोंदले. घरी येऊन फोटो मोठे करून बघितले तर त्यातले सात भलतेच निघाले. तीन बांधकाम खात्याचे हद्दीचे, दोन शेताच्या बांधाचे, एक अर्धा गाडलेला मैलाचा दगड. सातवी होती मोरीच्या कठड्यावर कोरलेली ‘जी.टी.एस.’ आणि ‘बी.एम.’ ही अक्षरं. ती सर्वेक्षण खात्याची उंचीची खूण. तिचं मोल वेगळंच आहे, तिची नोंद मी स्वतंत्र वहीत ठेवली, पण आपल्या यादीत तिचं काम नाही.

जानेवारीत गवत उभंच असतं. कुसळं मोज्यांतून आत जातात. दगड दोन हातांवर असला तरी दिसत नाही. हे काम फेब्रुवारीच्या मध्यानंतर करायचं, गवत कापलं किंवा जाळलं गेल्यावर. आम्ही घाई केली.

१२ जानेवारी

आज नोंदी फक्त दोन. बाकी दिवस लोकांना उत्तरं देण्यात गेला, आणि चूक माझीच होती. गाड्यांना आपण दिसावं म्हणून पिवळं चमकणारं जाकीट घातलं होतं. जाकीट, टेप आणि वही पाहून पहिल्याच वस्तीवर माणसं जमा झाली. “मोजणी कशाची? परत रस्ता रुंद होणार का? आमच्या गटाला नोटीस नाही आली अजून.” ज्यांच्या जमिनी एकदा रस्त्यात गेल्या आहेत त्यांनी हे विचारणं साहजिक आहे. एका तरुणाने तर तलाठ्याला फोन लावला. पुढे एका बांधावरच्या म्हाताऱ्या बाबांनी वेगळंच विचारलं, “काय मोजी राहिना भाऊ? धन शे का तठे?”

गुप्तधनाचा संशय हा थट्टेचा विषय नाही, त्यावरून मारहाणी झाल्या आहेत. म्हणून त्याच दिवशी काही गोष्टी ठरवल्या. गावाजवळ आधी चहाच्या टपरीवर थांबायचं, काय करतो आहोत ते सांगायचं, आधी काढलेले फोटो दाखवायचे आणि मगच टेप बाहेर काढायचा. मेटल डिटेक्टर आणायचा भाच्याचा विचार होता, तो मी तिथेच मोडून काढला. खणायचं तर अजिबातच नाही. जुन्या केबलच्याच वाटेने आज चालू असलेली ऑप्टिकल फायबर गेलेली असू शकते. तिला धक्का लावणं १८८५ च्या तार कायद्यात गुन्हा होता आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही आहे.

जाकीट सोडलं नाही, कारण हमरस्त्यावर ते लागतंच. जुन्या वळणांवर मात्र काढून ठेवतो.

१९ जानेवारी

मैदानात गेलो नाही. गेले दोन आठवडे डोक्यात एक चुकीची समजूत धरून चाललो होतो, ती आज दुरुस्त केली.

मला वाटत होतं की हे दगड पहिल्या तारेच्या काळातले. डलहौसीच्या कारकिर्दीत विल्यम ओशॉनेसी यांनी तारेचं जाळं उभं केलं. कलकत्ता–आग्रा तार मार्च १८५४ मध्ये सुरू झाली, आग्र्याहून इंदूरमार्गे मुंबईला येणारी तारही त्याच वर्षीची, आणि फेब्रुवारी १८५५ पासून कुणालाही पैसे भरून तार करता येऊ लागली. हाच मुंबई–आग्रा रस्ता, म्हणून दगडही तेच, असा जोड मी मनातच लावून टाकला होता.

पण ती तार खांबांवरून गेली होती. वरून जाणाऱ्या तारेला खणू नका सांगणारा दगड कशाला लागेल? आणि ‘पी अँड टी’ हे नावच टपाल आणि तार ही दोन खाती १९१४ मध्ये एक झाल्यावरचं आहे. १९८५ मध्ये दूरसंचार विभाग वेगळा निघाला. म्हणजे अक्षरांवरून दगडाचं वय या दोन सालांच्या मध्ये बसतं. त्यातही सावध राहायला हवं, कारण सिमेंटचे दगड साच्यात ओतलेले असतात आणि खात्याचं नाव बदललं म्हणून कुणी साचा लगेच फेकून देत नाही. ‘बी.एस.एन.एल.’ असेल तर मात्र २००० च्या ऑक्टोबरनंतरचा, यात शंका नको.

वहीच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात ‘१८५४’ लिहून ठेवलं होतं. ते खोडलं. वाईट वाटलं, पण खोडल्यावर दगड आहेत तसे दिसायला लागले. आधी प्रत्येक दगडात मी जुनेपणा शोधत होतो.

२६ जानेवारी

झेंडावंदन उरकून मालेगावात एका निवृत्त लाइनमनकडे गेलो. सगळे त्यांना नाना म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे. लाइनमन म्हणून लागले, पुढे केबलचे जोड करायचं काम केलं. तीन तास बसलो. त्यातलं कामाचं तेवढं लिहितो.

मी विचारलं, “नाना, दगड केबलच्या बरोबर वर असतो ना?” नाना म्हणाले, “वर रोवला तर रोवतानाच केबल फुटंल ना, बाबा! दगड बाजूला. रस्त्याकडची बाजू सोडून पलीकडं, जंगल साईडला.” ही ‘जंगल साईड’ त्यांच्या बोलण्यात दहा वेळा आली. रस्त्याकडे पाठ करून उभं राहिलं की समोर जे येतं ती जंगल साईड, मग समोर जंगल असो की कांद्याचं शेत.

मी इतके दिवस डांबराच्या कडेपासून दोन-तीन मीटरच्या पट्ट्यात शोधत होतो. नानांच्या म्हणण्याप्रमाणे केबल चारीच्या पलीकडे, जवळजवळ हद्दीला धरून जायची आणि दगड तिच्याही पलीकडे. म्हणजे मी चुकीच्या पट्ट्यात नऊ किलोमीटर चाललो होतो.

दुसरी गोष्ट. ही केबल नुसती तारेची नव्हती, ट्रंक टेलिफोनचीही होती, आणि नंतरच्या काळात तारा टेलिफोनच्याच मार्गावरून जात. बोलण्याच्या एका मार्गावर चोवीस तारमार्ग बसवता येत. “एकच जोडी, तिच्यावर चोवीस तारा एकदम. कुणाच्या मयताची, कुणाच्या लग्नाची, सगळ्या एकाच तांब्यातनं.” १४ जुलै २०१३ ला तारसेवा बंद झाली त्या दिवशी नाना जेवले नव्हते, असं त्यांच्या सूनबाईंनी आतून सांगितलं. नाना त्यावर काही बोलले नाहीत.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. नेहमीच्या दगडांत अधूनमधून एक मोठा, रुंद दगड असतो, आणि त्यावर अक्षरांखाली आकडा. असे दोन मला दिसले होते, ७ आणि ८. मी ते मैल समजत होतो. नाना म्हणाले, “ते लोडिंगचे.” लांबच्या केबलमध्ये आवाज बसत जातो, तो टिकवायला ठरावीक अंतरावर तारेचं वेटोळं, म्हणजे लोडिंग कॉइल, घालतात. अंतर ठरलेलं, सहा हजार फूट. मेट्रिकमध्ये १,८३० मीटर. आणि एक्स्चेंजपासून पहिली कॉइल अर्ध्या अंतरावर, ९१५ मीटरवर.

म्हणजे हातात मोजपट्टी आली. एकेक दगड हुडकत बसायची गरज उरली नाही. रांगेतले दोन मोठे दगड पक्के असले की बाकीचे कुठे असणार ते नकाशावर आधीच सांगता येईल.

२ फेब्रुवारी

७ आणि ८ मधलं अंतर मोटरसायकलच्या मीटरवर १.९ किलोमीटर आलं. मीटर शंभर मीटरच्या खाली दाखवत नाही आणि थोडं जास्तच दाखवतो, त्यामुळे या कामाला तो निरुपयोगी. फोनवर वाट नोंदवत चालत गेलो तर १,८४० मीटर. दहा मीटरचा फरक फोनच्या चुकीत बसतो. नाना बरोबर होते.

संध्याकाळ झाली होती तरी ९ नंबर बघूनच जाऊ म्हणून पुढे गेलो. ठरलेल्या जागी ढाब्याचं मोकळं पटांगण. काही नाही.

९ फेब्रुवारी

पूर्ण दिवस वाया. ९ पटांगणात गेला असं धरून १० शोधायला गेलो. नाही. ११ नाही. उलट्या दिशेने ६, तोही नाही. दुपारी दोनला भाचा म्हणाला, “मामा, नाना चुकीचं तर सांगत नसतील?” मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

घरी आल्यावर जुना एक इंची (मैलाला एक इंच मापाचा) नकाशा काढला. एका ग्रंथालयातून त्याची प्रत मिळाली होती. आपला भाग सर्वेक्षण खात्याच्या ४६-एल या क्रमांकाच्या नकाशात येतो. जुना रस्ता आजच्या नकाशावर ठेवून पाहिला आणि चूक तिथल्या तिथे कळली. मी अंतर चौपदरी रस्त्याने मोजलं होतं. केबल टाकली तेव्हा चौपदरी नव्हताच. जुना रस्ता ओढ्याच्या वर जाऊन, मोरी ओलांडून परत खाली यायचा. नव्याने ते वळण सरळ छाटलं आहे. ७ आणि ८ एकाच सरळ तुकड्यावर होते म्हणून हिशेब जुळला, पुढे प्रत्येक वळणाला तो बिघडत गेला.

अंतर जुन्या रस्त्यानेच मोजायचं. आज ही ओळ सोपी वाटते, तिच्यासाठी एक रविवार आणि सव्वाचारशे रुपये गेले.

१६ फेब्रुवारी

९ सापडला!

जुन्या वळणावर, वेड्या बाभळीच्या जाळीत, त्यावर घाणेरी वाढलेली. नकाशावर काढलेल्या जागेपासून १४ मीटरवर. दगड थोडा कललेला, पण जागेवर. भाच्याने आधी पाहिला आणि काही न बोलता हात वर केला. पाच मिनिटं आम्ही दोघं नुसतेच त्याच्याकडे बघत उभे होतो. जो दगड कुठे असेल ते आधी कागदावर काढलं, तो तिथेच उभा होता. त्या जागेवर कुणीतरी फीत ओढून मोजून खड्डा घेतला असेल, दगड बैलगाडीतून नाहीतर ट्रकमधून आणला असेल. ती मोजणी इतक्या वर्षांनी आमच्या मोजणीशी चौदा मीटरच्या आत जुळली.

त्याच दिवशी १० आणि १२ मिळाले. ११ च्या जागी पेट्रोल पंप आहे.

आणि याच दिवशी माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक झाली. १२ च्या अक्षरांत माती आणि दगडफूल भरलं होतं. मी तारेचा ब्रश घेऊन घासलं. अक्षरं उघडी पडली, फोटो छान आला. मग ब्रशकडे पाहिलं तर त्याच्या तारांना पिवळा रंग. म्हणजे अक्षरांत मूळचा किंवा नंतर कधी लावलेला रंग शिल्लक होता आणि तो मी खरवडून काढला. आता त्या दगडावर रंग होता का, कुठे होता, किती थरांचा होता, यांची उत्तरं कुणालाच मिळणार नाहीत. ब्रश त्याच दिवशी पिशवीतून काढला. तुम्ही तो नेऊच नका.

२३ फेब्रुवारी

ब्रशशिवाय अक्षरं कशी वाचायची, यावर आजचा दिवस घालवला. जे जमलं ते असं.

भर दुपारी काढलेले फोटो फुकट. ऊन वरून पडतं, खोदकामात सावली पडत नाही. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर ऊन आडवं येतं तेव्हा अक्षर उठून दिसतं. पण दगडाचं तोंड उत्तरेला असेल तर तेही ऊन लागत नाही. मग छत्रीने दगडावर पूर्ण सावली धरायची आणि बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटून, टॉर्च मारायचा. एकाने छत्री, दुसऱ्याने टॉर्च, तिसऱ्याने फोटो. आम्ही दोघंच असल्याने छत्री बाभळीला बांधली. टॉर्च चारही बाजूंनी फिरवत चार फोटो घ्यायचे. एकात ‘पी’ दिसतो, दुसऱ्यात ‘टी’.

पाणी शिंपडलं तर काळ्या पाषाणावर अक्षर चांगलं दिसतं, सिमेंटवर उलट गुळगुळीत होऊन जातं. खडूने अक्षरं गिरवू नयेत. आपण जे वाचलं तेच गिरवतो, आणि मग फोटोत आपलं वाचन दिसतं, दगड दिसत नाही. माझ्या पहिल्या अकरा फोटोंत चार असे आहेत. ते यादीत ठेवले, पण ‘खडू लावलेला’ असा शेरा मारून.

२ मार्च

सौंदाण्याच्या अलीकडे एका मोठ्या दगडाची जागा कडुनिंबाखालच्या म्हसोबावर येत होती. आधी वाटलं हिशेब चुकला. जवळ गेलो. शेंदराचं जाड कवच, समोर दिवा, दोन नारळाच्या करवंट्या. आकार पाहिला. माथ्याकडे निमुळता, वरचा भाग सपाट, पाठ सरळ.

मी चप्पल काढून बसलो. शेजारच्या घरातून एक आजी आल्या. काय पाहतोस विचारलं. सगळं सांगितलं, आधीचे फोटो दाखवले. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरून नीट पाहिले आणि म्हणाल्या, “आमचा म्हसोबा असाच दिसतो की.” मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या वहीतलं सगळ्यात मोलाचं पान आहे. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा देव तिथेच होता. तारवाले वर्षातून एकदा यायचे, शेजारचा खड्डा उघडायचे, आणि उघडण्याआधी देवापुढे नारळ फोडायचे. “त्यांचा बी देव तोच.”

खड्डा कुठे, विचारल्यावर त्यांनी निंबाच्या पलीकडे बोट दाखवलं. तिथे एक फरशी आहे, त्यावर आता गुरांच्या पाण्याची टाकी ठेवली आहे.

शेंदूर खरवडून अक्षरं बघावीत असं वाटण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांची परवानगी घेऊन, दगडाला न टेकता, बाजूला पट्टी धरून उंची आणि रुंदी घेतली. शेंदराची जाडी धरली तर मापं १० आणि १२ शी जुळतात. यादीत नोंद अशी केली: ‘अक्षरं दिसत नाहीत, जागा आणि माप जुळतं, तोंडी माहिती आहे, पूजेतला देव.’ या रस्त्यावरच्या सगळ्या दगडांत फक्त या एकाचीच कुणीतरी रोज काळजी घेतं. बाकीचे मोडतील, हा राहील.

आजींनी ताक दिलं.

९ मार्च

नाही गेलो. उमराण्याला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर आलेली असते, हे मागच्या आठवड्यात कळलंच होतं.

१६ मार्च

सगळ्या नोंदी नकाशावर टाकल्या. एक दगड रांगेच्या अठरा किलोमीटर दक्षिणेला, पार दुसऱ्याच तालुक्यात जाऊन बसला. तासभर डोकं खाजवलं. भाच्याच्या फोनमध्ये अक्षांश अंश-मिनिटांत दिसत होता, २० अंश २४.५ मिनिटं. त्याने वहीत २०.२४५ लिहिला. २४.५ मिनिटं म्हणजे दशांशात ०.४०८, म्हणून तो २०.४०८ हवा होता. चूक मोठी होती म्हणून दिसली. मिनिटं पाचच्या आसपास असती तर फरक दोन-चार किलोमीटरचा पडून तो दगड रांगेतच कुठेतरी खपून गेला असता. सगळे आकडे पुन्हा तपासले, अशा आणखी दोन चुका निघाल्या. चार तास गेले.

आता नियम असा. सगळ्यांच्या फोनमध्ये दशांश अंश, दशांशानंतर पाच आकडे. पाचवा आकडा म्हणजे साधारण एक मीटर. फोनची स्वतःची चूक मोकळ्या आकाशाखाली चार-पाच मीटरची, झाडाखाली दहाच्या पुढे, त्यामुळे सहावा आकडा लिहून काही मिळत नाही. त्यापेक्षा दगडापासून जुन्या डांबराच्या कडेपर्यंत टेपने मोजा आणि जवळच्या मोरीचं किंवा मोठ्या झाडाचं अंतर लिहा. टेपचं माप फोनपेक्षा खरं.

ही यादी इतरांना देताना मात्र मी जागा मुद्दाम ढोबळ देतो, गाव आणि जवळची मोरी एवढीच. केबल कुठून जाते हे नेमकं कळलं की तांबं आणि शिसं उपसणारे येतात. नानांच्या नोकरीच्या काळातही चोऱ्या होत होत्या. अभ्यासासाठी कुणाला नेमकी जागा हवी असेल तर प्रत्यक्ष भेटून देतो.

२३ मार्च

एक्स्चेंजपासूनच्या पहिल्या कॉइलचा दगड शोधला. ९१५ मीटरचा हिशेब आजच्या दूरध्वनी केंद्रापासून धरला, तो कुठेच लागला नाही. ९ फेब्रुवारीची आठवण ठेवून या वेळी लगेच जुना नकाशा काढला. त्यावर गावात ‘पी.टी.ओ.’ अशी खूण आहे, म्हणजे पोस्ट आणि तार ऑफिस एकत्र, आणि ती आजच्या इमारतीपासून बरीच लांब, वेशीजवळ. तिथून मोजलं. ९१५ वर दगड नाही, पण तिथल्या घराच्या पायरीला आडवा टाकलेला एक निमुळता सिमेंटचा दगड आहे. अक्षरं खाली गेलेली. घरमालक म्हणाले, वडिलांनी रस्त्यावरून आणला होता, पडलेलाच होता.

असे दगड आधी मी यादीतून वगळत होतो. ते चुकत होतं. धुण्याचा दगड झालेले, गोठ्याचा उंबरा झालेले, बांधावर नेलेले, सगळे घ्यायचे. दोन रकाने करायचे: आज कुठे आहे, आणि सांगतात त्याप्रमाणे आधी कुठे होता. सहा जुने दगड या निमित्ताने परत यादीत आले.

६ एप्रिल

काम बंद. सप्तशृंगगडाच्या चैत्रोत्सवाला निघालेले खानदेशातले पदयात्री सौंदाण्यापर्यंत या रस्त्यानेच असतात. कडेने चालणाऱ्यांच्या पायात टेप सोडणं बरं नव्हे. नानांना भेटून फोटो दाखवले. म्हसोबाचा फोटो पाहून ते म्हणाले, “याच्यापुढं नारळ मीच फोडायचो.” त्या आजींचं नाव त्यांना आठवलं नाही, घर आठवलं.

१३ एप्रिल

ऊन आता सोसवत नाही, या मोसमातली ही शेवटची फेरी. हिशेब असा. चाळीसपैकी बावीस किलोमीटर नीट चालून झाले. नोंदलेले दगड ४३. जागेवर उभे २९, हललेले ९, तुटलेले ५. मोठे, आकड्याचे, म्हसोबा धरून ६. खर्च पेट्रोल, टेप, टॉर्च, नकाशाची प्रत आणि छपाई मिळून साधारण पाच हजार सहाशे. पूर्ण वाया गेलेले दिवस तीन.

परतताना ९ नंबरला भेटायला गेलो. वळणाच्या तोंडाशी जेसीबी उभा. कशासाठी ते चालकाला ठाऊक नव्हतं, चर ओढायला सांगितलंय एवढंच म्हणाला. जाळी साफ झाली होती. दगड नव्हता. ढिगाऱ्यात शोधलं, चराच्या दोन्ही बाजू पाहिल्या. शेवटी पलीकडच्या शेतातल्या मावशींनी हाक मारली. तुम्ही मागे दोघं जण त्या दगडाजवळ बसला होता ना, म्हणून जेसीबी आल्यावर त्यांनी आणि त्यांच्या मुलाने तो ढकलत गोठ्याजवळ आणून ठेवला होता. एक कोपरा उडाला आहे, आकडा शाबूत आहे.

नोंद क्रमांक ३१ मध्ये ‘जागेवर’ खोडून ‘हललेला’ केलं. २९ चे २८, ९ चे १०. जुनी जागा १६ फेब्रुवारीला टेपने मोजलेली होती, मोरीपासूनचं अंतर वहीत आहे.